मदत हवी आहे : गिरणगावातल्या घरगुती खानावळींचा महिन्याचा दर

लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवायच्या. पाळी सुटली की पंगत बसायची, ताटात भाकरी नि सुक्या बोंबलाचं कालवण. पैसे पगार झाल्यावर. १९८२ च्या गिरणी संपानंतर हे सगळं ओसरलं, म्हणून नोंद करून ठेवतोय.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी सुरू केलेल्या, खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाबद्दल वाचलं आहे. जुन्या शेजाऱ्यांनाही विचारलं; चव सगळ्यांना आठवते, आकडा कुणालाच नाही. इराणी, उडपी हॉटेलांचे दर नकोत. हिशेबाच्या वहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल.

संपाआधी महिन्याचे किती पैसे पडायचे, आणि मासळी-मटण त्यातच धरायचे की वेगळं?