बुलेटच्या बेंड पाइपला कोणतं कोटिंग टिकेल?

भाट्येकर: घर भाट्याच्या खाडीलगत, खारं वारं थेट पडवीत. बेंड पाइपचा (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) क्रोम सोलून गंज धरलाय. दोनदा चंदेरी स्प्रे मारला, पहिल्याच पावसात पापुद्रे. सिरॅमिक करावं का?

देवगडचो: आधी पॉलिश पेपर मारलास की तसाच फवारलास? गंजावर काहीच धरत नाही रे. सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं) करून घे, मग पाइपला बोट न लावता उष्णता सोसणारं सिरॅमिक कोटिंग. आणि गाडी चमकवणारे जे ‘सिरॅमिक’ विकतात, ते टाकीसाठी. बेंडवर जळून जाईल. पावडर कोटिंगही नको, २०० अंशांच्या आसपास भट्टीत शिजवतात ते, इंजिनाच्या तोंडाशी पाइप त्याहून कितीतरी तापतो.

भाट्येकर: पॉलिश पेपर मारला होता. घाईत, खरं सांगायचं तर. पाइपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली तर?

मिऱ्यावाला: अजिबात नको! आत ओल कोंडते, पाइप आतल्या आत खातो. माझा तसाच गेला. डब्यातलाच स्प्रे मारायचा तर ६५० अंश सोसणारा घे, पातळ हात दे, सुकल्यावर इंजिन थोडं-थोडं तापवून थंड होऊ दे. नाहीतर सरळ स्टेनलेसचा बेंड. निळा पडेल, पडू दे.

भाट्येकर: ब्लास्टिंगवाला शोधतो. गणपतीआधी जमलं तर बरं.