रविवारचे शंभर किलोमीटर फिटनेसच्या खात्यात लिहू नका

सातवा गियर

आधी कबुली. गेल्या वर्षी मार्चमध्ये कंपनीच्या तपासणीत माझं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. वय ४२. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहात, आत पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा मागे फिरा. गुडघा कुरकुरतो म्हणून पळणं बाद. जिमचे वर्षाचे पैसे दोनदा भरून दोन्ही वेळा तीन आठवड्यांत थांबलो होतो. म्हणून रोड बाइक घेतली. जिन्यात ठेवायला सोसायटीची परवानगी नाही, त्यामुळे ती हॉलमध्ये, टीव्ही आणि देव्हारा यांच्यामध्ये उभी असते. आई रोज संध्याकाळी निरांजन लावायला जाते तेव्हा हॅण्डल हाताने बाजूला सारते.

पहिले सहा महिने छान गेले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सव्वापाचला कोथरूडहून निघायचं, खडकवासल्याच्या चौपाटीला वळसा घालून पावणेसातच्या आत परत. तीसेक किलोमीटर. मुलीची बस सात दहाला येते, तिला सोडायला मी असायचो. वजन सात किलो उतरलं, एचबीए१सी ५.६ वर आलं. घरात सगळे खूश.

मग सायकलवाल्यांचा ग्रुप मिळाला. तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहेच. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट आले, जर्सी आली आणि रविवार गेला. पहाटे साडेचारला निघायचं, जुना कात्रज घाट, भोर, परत. दोन वाजता घरी, जेवून पाच वाजेपर्यंत झोप. हे सगळं मी घरात 'तब्येतीसाठी' म्हणून सांगत होतो.

दीड महिन्यापूर्वी असाच परत आलो. आईचे फिजिओथेरपीवाले येऊन गेले होते, आठवड्याची भाजी निवडून झाली होती, माझं ताट दुसरं ताट पालथं घालून झाकून ठेवलेलं होतं. मी आपलं नेहमीचं म्हणालो, "अगं, तब्येतीसाठीच चाललंय ना." बायको भांडी पुसत होती. वळली नाही. म्हणाली, "तब्येतीचं कालपर्यंत झालं. आजचं कशाचं होतं?"

हिशेब केला तर बाई बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझ्या तीन सकाळींची २५५ मिनिटं होतात, आणि धापा टाकत केलेल्या मिनिटांना त्या हिशेबात जास्त वजन असतं. तब्येतीचा मामला शनिवारी मिटतो. रविवार हा छंद आहे. छंद वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की त्याला औषधाचं लेबल लावू नये. औषधाला घरात कोणी नाही म्हणत नाही. छंदाला म्हणू शकतं. आपण नेमका हा फरक पुसून टाकतो, आणि मुद्दाम पुसतो.

तुम्हाला काय वाटतं?

बोपदेव

साफ असहमत.

तुमच्या त्या मंगळवार-गुरुवार-शनिवारला जीव कशामुळे आहे? रविवारमुळे. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत संपवायची असते. तारीख कॅलेंडरवर असली की मंगळवारी गजर बंद करून कूस बदलावीशी वाटत नाही. जिमला तुम्ही दोनदा पैसे भरून थांबलात ते का? तिथे पुढे काही नव्हतं म्हणून. नुसत्या रिपोर्टच्या आकड्यावर माणूस वर्षभर पहाटे उठत नाही. आकडा सुधारला की दुसऱ्या महिन्यात पांघरुणात.

आणि तुलना कशाशी करताय तेही बघा. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक शनिवारी रात्री 'बसतात' आणि रविवारी बारापर्यंत उठत नाहीत. त्यांच्या रविवारचा हिशेब कोणी मागत नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रॅम, म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत, पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ ४८०० किलोमीटर, दोघांची टीम. दोघंही डॉक्टर. त्यांनी तीन सकाळींवर भागवलं असतं का?

तिखटमीठ

बोपदेव, रॅम कुठे आणि आपली मिसळ राइड कुठे! जाताना सातशे कॅलरी जाळायच्या आणि खेड शिवापूरला दोन तर्री, चार पाव, वर ताक. परत येताना उतार. फोटोत मात्र हेल्मेट.

गंमत सोडा. धाग्यात कोणी बोललं नाही म्हणून: सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, हाडांवर फार येत नाही. नुसती सायकल मारणाऱ्यांची हाडं त्या मानाने मजबूत होत नाहीत. ज्या संघटनेचे आकडे वर दिलेत ती आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगते. फिटनेसच हवा असेल तर चौथ्या राइडऐवजी घरी बैठका मारा. वीस मिनिटं लागतात आणि घरातले तुम्हाला बघू शकतात.

मधली सुट्टी

मी सायकल चालवत नाही. सायकलवाल्याची बायको आहे. वाचत होते, पण रॅमचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडेही ते नाव महिन्यातून दोनदा निघतं.

रॅमच्या सायकलवाल्यामागे गाडी असते. त्यात क्रू असतो. कोणी बाटली भरतं, कोणी रस्ता सांगतं, कोणी झोपेतून उठवतं. फिनिशला फोटोत सगळे असतात. आमच्या घरच्या रविवारी तो क्रू मी असते, आणि फोटो चहाच्या टपरीवरचा असतो.

नवऱ्याने मला बीआरएमचा नियम कौतुकाने समजावून सांगितला होता. दोन कंट्रोलच्या (कार्डावर शिक्का घ्यायच्या थांब्यांच्या) मधे बाहेरची मदत घ्यायची नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, सगळं स्वतःच्या बळावर. मी तेव्हा त्याच्या त्या शॉर्ट्स हाताने धूत होते. मशीनला लावल्या की आतली गादी खराब होते म्हणे. शनिवारी रात्री बटाटे उकडून मीठ लावून ठेवलेले, ते मीच. रविवारी दुपारी पडदे ओढून "हळू बोला, बाबा झोपलेत" म्हणते तीही मीच. कार्डावर शिक्का त्याच्या नावाचा.

भांडायचं नाहीये. तो आधीपेक्षा खरंच शांत झालाय, रात्री घोरत नाही, हे मी कबूल करते. पण लोक म्हणतात, "तुम्हीही घ्या की सायकल!" मला सायकल नको. मला साडेनऊ तास हवेत. त्यात मी काय करीन ते माझं मी बघीन. कदाचित काहीच करणार नाही.

बोपदेव

ताई, मुद्दा मान्य. पण एक प्रामाणिक प्रश्न: हे साडेनऊ तास तुम्ही मागितले का? माझ्या बायकोने मागितले तर मी एका पायावर तयार आहे. तिनं कधी मागितलेच नाहीत.

मधली सुट्टी

आणि तुम्ही मागितले होते? आठवून बघा. तुम्ही कळवलं होतंत.

तिखटमीठ

खल्लास. _/\_

जुना डायनॅमो

तुम्हा मंडळींचं वाचून करमणूक होते. वय ७१. १९७८ ते १९९० मी कोथरूडहून खडकीला कारखान्यात सायकलने जात होतो. काळी चोवीस इंची, मागे कॅरिअर, कॅरिअरला डबा, उजव्या पायाला पँटची क्लिप. पहिल्या पाळीला सकाळी भोंग्याआधी गेटवर पोचलात तर सायकलींचा लोंढा दिसायचा, पायी माणसाला रस्ता ओलांडता यायचा नाही. डबलसीट सापडलो की हवालदार चाकातली हवा सोडायचा. त्याला आम्ही व्यायाम म्हणत नव्हतो. कामावर जाणं म्हणत होतो. येताना मंडईतून भाजी यायची, धाकट्याला पुढच्या दांडीवर बसवून बालवाडीत सोडायचो. घराच्या वेळेतून सायकलची वेळ वेगळी काढावी लागली नाही.

तुम्ही कामाला गाडीने जाता आणि व्यायामाला सायकलने. मग तास दोन्हीकडे मोजावे लागतात. सायकल कामाच्या रस्त्यावर आणा, तुमचं भांडण तिथेच संपेल.

सातवा गियर

काका, मान्य, आणि मी महिनाभर करूनही पाहिलं. ऑफिस हिंजवडीला. सकाळी जाताना ठीक. संध्याकाळी सहानंतर डंपर, कंपन्यांच्या बस आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले यांच्यामधून २५ मिलिमीटरच्या टायरवर येणं म्हणजे रोज नवस बोलणं. अंघोळीची सोय दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. एकदा मिटिंगला गेलो तर शेजारच्याने खुर्ची सरकवली. तुमचा लोंढा होता तेव्हा रस्ताही तुमचा होता. आता लोंढा त्यांचा आहे.

घाटातली

मला वाटतं या धाग्यावर रोड बाइक चालवणारी मी एकटीच बाई आहे, म्हणून जरा सविस्तर.

सातवा गियर, तुमची बायको बरोबर बोलली. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. 'छंदाला छंद म्हणा, औषध म्हणू नका' ही ऐट पुरुषाला परवडते. तुम्ही छंद म्हणालात तर रविवारवर थोडी चर्चा होईल, दोनाचा एक रविवार होईल. मी छंद म्हणाले तर सायकल विकायला निघेल.

मी सातारकर, वय ३८. थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांच्या कृपेने मला सायकल मिळाली. 'डॉक्टरांनी सांगितलंय' या चार अक्षरी परवान्यावर (अक्षरं मोजू नका) मी चार वर्षं यवतेश्वरचा घाट चढतेय. सासूबाई स्वतः म्हणतात, जाऊन ये, औषध आहे ते. खरं कारण वेगळं आहे. चढाच्या मध्यावर, मागचं सगळ्यात मोठं दातेरी चाक, म्हणजे सगळ्यात हलका गियर, टाकूनसुद्धा पाय भरून येतात, तेव्हा डोक्यात एकही यादी नसते. डाळ भिजत घातली का, इस्त्रीवाला आला का, काहीच नाही. खाली सातारा पसरलेलं असतं. हे मी घरात सांगू? सांगून बघा.

आणि मी निघते त्याच्या आदल्या रात्री कणीक मळून ठेवलेली असते, डब्याची भाजी चिरलेली असते. साडेपाचच्या अंधारात एकटी जात नाही, उजाडायची वाट बघते, म्हणजे माझा एक तास तिथेच गेला. रस्त्यात भेटणारे ओळखीचे पहिला प्रश्न विचारतात, "मुलं कोणाकडे?" तुम्हाला हा प्रश्न भोरपर्यंत कितीदा आला?

त्यामुळे लेबल खोटं आहे हे मलाही माहीत आहे. मी ते काढणार नाही.

मधली सुट्टी

घाटातली, हे वाचून मी मघाचं माझंच परत वाचलं. माझा नवरा खोटं बोलून सुटतो म्हणून मी चिडते आणि तुम्ही खोटं बोलून सुटता म्हणून मला आनंद झाला. आता यात माझं मत काय आहे ते मला शोधावं लागेल.

बोपदेव

मी काही शोधणार नाही, माझं मत तेच आहे. पण काल रात्री जेवताना बायकोला विचारलं, तुला रविवारचे साडेनऊ तास दिले तर काय करशील. तिनं विचारलं, "कोणत्या रविवारी?" मी म्हणालो, असंच, समज. तर म्हणाली, "समजून काय करू? तारीख सांग." माझ्याकडे तारीख नव्हती. पुढच्या रविवारी राइड, त्याच्या पुढच्या रविवारी ३०० ची बीआरएम, नाव नोंदवून पैसे भरलेले. तिसऱ्या रविवारी सासुरवाडीला जायचंय. हे सगळं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दाखवताना मलाच ऐकू आलं.

३०० मात्र करणार. २० तास आहेत.

जुना डायनॅमो

घाटातली या बाईंना माझा नमस्कार. धाकट्याला मी दांडीवर न्यायचो असं वर लिहिलं. त्याची अंघोळ, थोरलीची वेणीफणी, डबा हे कोण करत होतं ते लिहायचं राहिलं. सौभाग्यवतींना सायकल येत होती, माहेरी शिकली होती. घरात सायकल एकच होती, ती मी घेऊन जायचो.

सातवा गियर

धाग्याला इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

घाटातली, तुमचा मुद्दा मी नीट वाचला. छंद म्हणायची चैन मला परवडते, खरं आहे. परवडते म्हणून तरी मी ती करावी, असं माझं अजूनही मत आहे. तुमच्यासाठी तोच नियम लावणार नाही.

घरी सध्या असं ठरलंय: मंगळवार-गुरुवार-शनिवार तसेच. महिन्यातले दोन रविवार माझे, दोन तिचे, पाचवा आला तर सगळ्यांचा. शॉर्ट्स मी धुतो. हे महान वगैरे काही नाही, पहिल्याच रविवारी मी आईच्या फिजिओवाल्यांची वेळ विसरलो आणि ते बेल वाजवून निघून गेले. भाजी निवडायला बसलो तर मेथीच्या दोन जुड्यांना पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी चौपाटी गाठतो.

येत्या रविवारी तिची पाळी आहे. साडेनऊला निघते म्हणाली. कुठे जाणार विचारलं तर म्हणाली, "कळवीन."

तिखटमीठ

मेथी निवडायला पाऊण तास म्हणजे कॅडन्स, पेडल मारायचा वेग, कमी पडतोय.

जुना डायनॅमो

एक सूचना. मातोश्रींना निरांजन लावताना हॅण्डल सारायला लागू नये. भिंतीला मोठा हुक मारून सायकल पुढच्या चाकावर उभी टांगा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

सातवा गियर

मारला होता, काका. भिंत पोकळ विटांची निघाली. सध्या सायकल बेडरूममध्ये आहे, माझ्या बाजूला.