ओपेथचा 'हेरिटेज' आणि त्यानंतरचे अल्बम कसे ऐकावेत? मदत हवी आहे
नमस्कार. मी नाशिकला राहतो. स्वीडनच्या ओपेथ या बँडचे २००८ च्या 'वॉटरशेड'पर्यंतचे संगीत मला अतिशय प्रिय आहे, कारण गायक मिकाएल ओकरफेल्ट यांचा गुरगुरता स्वर आणि त्याला लागूनच येणारे अकूस्टिक गिटारचे शांत तुकडे यांच्यातील ताणावर ती दीर्घ गाणी उभी राहत. २०११ च्या 'हेरिटेज'मध्ये तो स्वर पूर्णपणे गेला, बँड सत्तरच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉककडे (गुंतागुंतीच्या, प्रयोगशील रचनांच्या रॉककडे) वळला, आणि वादन उत्तम असूनही (ड्रम्स तर अप्रतिम आहेत) मी फार निराश झालो. २०२४ च्या अल्बममध्ये तो स्वर परतला. तरीही 'हेरिटेज'पासूनचे मधले चार अल्बम सोडून देणे मनाला पटत नाही. ज्यांना हे अल्बम पुढे आवडू लागले, त्यांनी सुरुवात कोणत्या अल्बमपासून केली, हे कृपया सांगावे. नाशिकमध्ये कोणी सोबत बसून ऐकणार असेल, तर मी आनंदाने येईन.