डुकरांच्या खाद्यात पावडर टाकल्यानं स्वाइन फिव्हर खरंच थांबतो का?

हिंगण्याचा वराहपालक:
भाऊ लोकहो, माझ्याकडं १४ माद्या आहेत, खाद्यात सोयाबीनची ढेप, मक्याचा भरडा अन् नागपुरातल्या हॉटेलांचं खरकटं. एक जण येऊन म्हणतो ही पावडर मिसळा, आफ्रिकन स्वाइन फिव्हर शिवणारच नाही. महाग आहे पण या रोगाला औषध नाही म्हणतात, रात्री झोप लागत नाही. घ्यावी काय?

पशुवैद्य, सेमिनरी हिल्स:
दादा, पावडर टाकणं ही लस नाही हे आधी पक्कं करा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत मिडियम चेन फॅटी अ‍ॅसिड आणि फॉर्मल्डिहाइड ही व्हायरस मारणारी रसायनं खाद्यात मिसळून तपासली तेव्हा खाद्यातला व्हायरस कमी झाला, पण तो खाद्यातला, डुकराच्या अंगात त्यानं प्रतिकारशक्ती येत नाही. ती पावडर नेमकी कशाची आहे ते पोत्यावर वाचा, नुसतं अ‍ॅसिडिफायर, म्हणजे खाद्य आंबट करणारी पावडर, असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका कारण हा व्हायरस पीएच (आंबटपणाचं माप) ४ ते १० मध्ये आरामात टिकतो. फॉर्मल्डिहाइडला तर युरोपियन युनियननं २०१८ मध्ये पशुखाद्यात परवानगी नाकारली, मिसळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना अन् श्वासाला त्रास होतो.
तुमचा खरा धोका खरकट्यात आहे, त्यात पोर्कचा एखादा कच्चा तुकडा आला की संपलं. ९० डिग्रीला तासभर, सतत ढवळत शिजवा, नाहीतर ड्रमचा मधला भाग थंडच राहतो. जमत नसेल तर खरकटं बंदच करा.

कामठीकर:
डॉक्टर बरोबर बोलतात. मागं मी पण पावडर चालू केली अन् बेफिकीर झालो, बाजारातून आणलेली पिल्लं सरळ जुन्या डुकरांत सोडली, आठ दिवसांत ताप, कान लाल-निळे, २२ पैकी १७ गेली. भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही साधा स्वाइन फिव्हरच (तो वेगळ्या व्हायरसचा रोग) समजत होतो, त्याची लस टोचली होती न, पण ती या आफ्रिकनवर चालत नाही. आता नवा माल महिनाभर वेगळा, अन् व्यापाऱ्याची गाडी गेटच्या बाहेरच.

हिंगण्याचा वराहपालक:
पावडरच्या पैशात खरकटं शिजवायला मोठी भट्टीच बांधतो मग. ढेपीची जुनी पोती बाजारातून घेतो त्याचं काय?

पशुवैद्य, सेमिनरी हिल्स:
दुसऱ्याच्या फार्मवर फिरलेली पोती आणूच नका. अन् डुकरं अचानक पटापट मरायला लागली तर विकू नका, कापू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा.