छोटं रिव्हॉल्व्हर, पण काडतूस पिस्तुलाचं: घ्यावं का?

दुहेरी_चाप: माझ्याकडे ९ मिमी पिस्तूल आहे. जोडीला पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. सगळे .३८ स्पेशल काडतुसाचं सुचवतात, पण मन रूगर एलसीआरच्या ९ मिमी मॉडेलवर अडलंय. काडतूस दोघांना एकच, शिवाय ९ मिमीचा दाब .३८ च्या जवळपास दुप्पट, म्हणजे आखूड नळीतूनही वेग बरा मिळतो. कुठे चुकतोय?

जुनी_कड: काडतुसाच्या बुडाशी. .३८ ला तिथे बाहेर आलेली कड असते. तिच्यावरच काडतूस चेंबरमध्ये टेकतं आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणीही तिलाच धरते. ९ मिमीला ती कडच नाही, कारण त्याला मॅगझिनमधून सरकायचं असतं. म्हणून मून क्लिप आली, काडतुसं बुडाशी एकत्र धरणारी पत्र्याची चकती. खिशात जरा वाकली की सिलिंडर फिरताना घासतं, कधी अडकतंच. बिनभानगडीचं म्हणून रिव्हॉल्व्हर घ्यायचं आणि ते पत्र्याच्या भरवशावर सोडायचं?

अर्धचंद्र: हा पत्रा शंभर वर्षांहून जुना आहे हो. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला एम१९११ पिस्तुलं पुरेनात, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनने त्या पिस्तुलाचंच .४५ एसीपी काडतूस चालवणारी एम१९१७ रिव्हॉल्व्हरं दिली. तीन-तीन काडतुसांच्या अर्ध्या क्लिपा. आणि छोट्या .३८ मधून पुंगळ्या काढून बघा कधी! चांदणी ढकलणारा दांडा आखूड, पुंगळी २९ मिमीची, एखादी हमखास अर्ध्यात लटकते. ९ मिमीची जेमतेम १९. एक दणका, पाचही एकदम बाहेर. नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ मध्ये सहा गोळ्या, रीलोड, परत सहा असं सगळं २.९९ सेकंदांत उरकलं, ते मून क्लिपवरच.

जुनी_कड: मिक्युलेकच्या हातात पूर्ण आकाराचं वजनदार रिव्हॉल्व्हर होतं. हलक्यात खरी गोम वेगळीच. बार झाला की रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं, उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही त्याच्यासोबत, पण त्यांच्यातली गोळी जडत्वाने जागीच राहू बघते. .३८ मध्ये पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत वळवून घट्ट केलेलं असतं. ९ मिमी त्या तोंडावरच टेकतं, म्हणून तिथे पकड बेताचीच. गोळी हळूहळू पुढे सरकते, सिलिंडरबाहेर डोकावली की सगळं ठप्प. पिस्तुलासारखं स्लाइड ओढून सुटायची सोय नाही.

अर्धचंद्र: हे मान्य. पण सगळी काडतुसं सरकत नाहीत. चार झाडायची, पाचवं काढून आधीच्या लांबीशी ताडून पाहायचं. असं दोन-तीनदा केलं की कुठला माल चालतो ते कळतं.

जुनी_कड: म्हणजे ‘काडतूस एकच’ हा फायदा गेला की! पिस्तुलातलं रिव्हॉल्व्हरला चालेलच असं नाही.

रिकामी_पुंगळी: चार्टर आर्म्सच्या पिटबुलला क्लिप लागत नाही, चांदणीतच काडतूस धरणारे स्प्रिंगचे हुक आहेत. मी मात्र जोरकस .३५७ मॅग्नम काडतुसाचंच घेईन, त्यात .३८ ही चालतं.

अर्धचंद्र: दोन इंची नळीतून .३५७? वेग बराच घटतो. जाळ बघायला छान. मनगटाचं काय ते तुम्ही बघा.

दुहेरी_चाप: गोळी सरकण्याचं डोक्यातच नव्हतं. आणखी एक आत्ता पाहिलं: एलसीआरचं ९ मिमी मॉडेल .३८ पेक्षा सुमारे १०० ग्रॅम जड आहे. खिशाला नको, पण धक्क्याला बरं. एकाचं ९ मिमी मॉडेल मागून घेतो. पिस्तुलात वापरतो तीच काडतुसं भरून पाचवं मोजतो. सरकलं तर .३८.

जुनी_कड: मोजमाप कॅलिपरने करा, नजरेने नको. आणि क्लिपा डबीत ठेवा.