साल्टाजवळचा 4.8 चा भूकंप 200 किलोमीटर खोल कसा?

प्रश्न : मृण्मयी_के
नमस्कार. माझी धाकटी बहीण संशोधनासाठी अर्जेंटिनातील साल्टा शहरात राहते. परवा पहाटे तिचा पलंग हलकेच डोलला, उशाशी ठेवलेल्या पेल्यातील पाण्यावर वलये उठली आणि काही सेकंदांत सारे शांत झाले. नोंद पाहिली तेव्हा रिश्टर प्रमाण 4.8, खोली सुमारे 200 किलोमीटर आणि केंद्र अँडीजमधील सान अँतोनिओ दे लोस कोब्रेसच्या बाजूला असल्याचे दिसले. इतक्या खोलीवर खडक उष्णतेने मऊ पडलेला असणार, मग तो तुटतो कसा? आणि ही मोठ्या भूकंपाची चाहूल तर नाही ना? आईला काय सांगावे ते मला कळेनासे झाले आहे.

प्रतिसाद : भूस्तर
आपल्या आईंना आधी हे सांगा की त्या भागात असे भूकंप नेहमीच होतात. नाझका हा सागरी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या ताठ बाह्य थराचा सरकता तुकडा, चिलीच्या किनाऱ्याबाहेरील खंदकापाशी दक्षिण अमेरिकेखाली वर्षाला साधारण 7 सेंटिमीटर या गतीने सरकतो आणि तिरका उतरत उतरत साल्टाच्या पश्चिमेस 200 किलोमीटर खोलीवर पोहोचतो. तिथे लहान-मध्यम भूकंपांची इतकी दाटी आहे की भूकंपशास्त्रज्ञ त्या जागेला भूकंपांचे घरटेच म्हणतात. त्यामुळे त्यातील एका हलक्या धक्क्यावरून पुढच्या मोठ्या भूकंपाचा अंदाज बांधता येत नाही.

आता खडकाविषयी. आजच्या गतीने हिशेब केला, तर परवा तुटलेला तो खडक खंदकातून आत शिरून सत्तर-ऐंशी लाख वर्षे झाली असावीत. खडकातून उष्णता फार सावकाश वाहते, म्हणून एवढ्या काळानंतरही भूपट्टाचा गाभा भोवतालच्या प्रावरणापेक्षा बराच थंड आणि ताठ असतो. तरीही त्या प्रचंड दाबाखाली साधे घर्षणच इतके वाढते की तडा सरकायला नको, आणि खरे कोडे तिथे आहे. सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण पाण्याचे आहे. मी सर्पेंटाइन या खनिजाचा तुकडा हातात घेऊन पाहिला आहे : हिरवट, साबणासारखा गुळगुळीत, नखाला जवळजवळ मऊ लागणारा, त्याच्या वजनाचा सुमारे 13 टक्के भाग खनिजाच्या रचनेत अडकलेले पाणी असतो. समुद्रतळाच्या भेगांत तयार झालेली अशी खनिजे खोलवर तापली की ते पाणी सोडतात आणि त्या पाण्याच्या दाबाने घर्षणाची पकड सैल होऊन ताण साठलेल्या जुन्या भेगा पुन्हा सरकू शकतात.

प्रतिसाद : कंपनलेख
वरील उत्तराला अंतराच्या हिशेबाची जोड देतो, कारण धक्का सौम्य का वाटला हे त्यातून कळते. 4.8 हा आकडा नाभीपाशी, म्हणजे खडक जिथे तुटला तिथे, मोकळ्या झालेल्या ऊर्जेशी निगडित आहे. घराखालची जमीन किती हलली, हे तो सांगत नाही. नाभी 200 किलोमीटर खोल असेल, तर अगदी डोक्यावर उभा असलेला माणूसही तिच्यापासून 200 किलोमीटर दूर असतो आणि 100 किलोमीटर बाजूला असलेला सुमारे 224 किलोमीटर. दोघांना जवळजवळ सारखेच हलके जाणवते. हाच भूकंप 10 किलोमीटर खोलीवर झाला असता, तर डोक्यावरच्या गावाला चांगलाच हादरा बसला असता. शिवाय खोल भूकंपात इमारतींना लांब हेलकावे देणाऱ्या भूपृष्ठ लहरी क्षीण असतात. भूकंपलेखावर प्राथमिक लहरीचा तीक्ष्ण ठसा उमटतो, वीसेक सेकंदांनी दुय्यम लहर येते आणि मग रेषा लवकर निवते. उथळ भूकंपाची शेपटी लांबच लांब चालते.

प्रतिसाद : अश्मक
दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण ‘खोल म्हणजे निर्धास्त’ असा अर्थ कुणी काढू नये, असे मला कळकळीने वाटते. 24 जानेवारी 1939 रोजी चिलीतील चियान शहर ज्या भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तो नाझका भूपट्टाच्या आत सुमारे 80 ते 100 किलोमीटर खोलीवर झाला होता आणि त्यात अंदाजे 28 हजार माणसे गेली. बळींचा आकडा फुगण्यात मातीच्या कच्च्या विटांच्या घरांचा वाटा मोठा होता. 13 जून 2005 रोजी उत्तर चिलीत तारापाकाच्या डोंगरात 100 किलोमीटरहून अधिक खोलीवर 7.8 चा भूकंप झाला, तेव्हाही तशीच घरे ढासळली आणि दरडींनी रस्ते अडवले. 4.8 च्या तुलनेत त्याची ऊर्जा साधारण 32 हजार पट होती.

साल्टाला खरी भीती उथळ भूकंपांची आहे. जवळचे एस्तेको शहर 13 सप्टेंबर 1692 च्या भूकंपात नष्ट झाले, आणि त्या दिवसाची आठवण साल्टात आजही दर सप्टेंबरमध्ये मोठ्या मिरवणुकीने जागवली जाते. तेव्हा बहिणीला एवढेच विचारा : तिचे घर कच्च्या विटांचे आहे की सळई घातलेल्या काँक्रीटचे, आणि पलंगाशेजारचे कपाट भिंतीला पक्के केलेले आहे का?

मृण्मयी_के
सर्वांचे मनापासून आभार. घर काँक्रीटचे आहे. कपाट मात्र नुसतेच भिंतीला टेकवलेले आहे. ते उद्याच पक्के करून घेते असे तिने कळवले आहे, आणि आईला मी 224 किलोमीटरचा हिशेब कागदावर काढून दाखवला.