मंगोलियन ओ-उ आणि शोधाचा घोळ

मंगोलियनचे 'ओ' आणि 'उ' दिसायला एकच अक्षर, मग युनिकोडात (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक, म्हणजे कोड, देणाऱ्या जागतिक पद्धतीत) त्याला दोन कोड कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल आणि तो रास्त आहे. पारंपरिक उभ्या मंगोलियन लिपीत 'ओ' आणि 'उ' लिहायची पद्धत एकच; कुठला उच्चार करायचा ते वाचणारा शब्दावरून ओळखतो. पण १९९९ साली युनिकोड ३.० मध्ये ही लिपी आली तेव्हा आकाराऐवजी उच्चाराला कोड दिले गेले. म्हणून 'ओ' यू+१८२३, तर 'उ' यू+१८२४.

शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अक्षराचं रूप बदलतं, ते फॉन्ट सांभाळतो. नियमाबाहेरचं रूप हवं असेल तर अक्षरामागे एक अदृश्य चिन्ह टाकायचं: यू+१८०बी, यू+१८०सी किंवा यू+१८०डी. ही तीन पुरेनात म्हणून २०२१ मध्ये चौथं आलं, यू+१८०एफ. (ही ठिगळं लावण्यापेक्षा आकारालाच कोड दिले असते तर बरं झालं असतं, असं माझं मत.)

खरी गोची शोधताना होते. टंकणाऱ्याने 'ओ'च्या जागी 'उ' दाबला तरी छापील पानावर कुणाच्या बापाला कळणार नाही, पण शोधात तो शब्द सापडत नाही.

आपल्याकडेही हे आहेच की. 'दऱ्या'तला अर्धा र नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ-ने होतो, तसाच साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरांना जोडणारं एक अदृश्य चिन्ह) जोडूनही होतो. दिसायला दोन्ही सारखेच, आणि कंट्रोल-एफ अनेकदा एकाला पकडतं, दुसऱ्याला सोडतं.